चौथा घात

आनेकल तालुक्यातला दगड पृथ्वीवरच्या फार जुन्या दगडांपैकी आहे. बंगळूरच्या लालबागेत लोक ज्या उघड्या खडकावर चढून शहर पाहतात, त्याचं वय सुमारे ३ अब्ज वर्षं मानलं जातं आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. द्वीपकल्पीय नाइस नावाच्या त्याच खडकाचा पट्टा दक्षिणेकडे पसरत आनेकलखालून तमिळनाडूच्या हद्दीत जातो. फरक एवढाच, की लालबागेतला खडक जपला जातो आणि आनेकलमधला सुरुंग लावून फोडला जातो. फुटलेला दगड क्रशरमध्ये पडतो, तिथून खडी आणि एम-सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, होऊन टिपरमध्ये चढतो आणि वाढत्या शहराच्या भिंतींमध्ये, स्लॅबमध्ये आणि रस्त्यांमध्ये जातो. नदीची वाळू दुर्मीळ झाली आणि तिच्या उपशावर निर्बंध आले, तसतसं बंगळूरचं बांधकाम या दळलेल्या दगडावर अधिकाधिक विसंबत गेलं.

आनेकल हा बंगळूर नागरी जिल्ह्याचा आग्नेयेकडचा तालुका. शहराच्या मध्यापासून आनेकल गाव पस्तीसेक किलोमीटरवर, आणि तिथून होसूर हाकेच्या अंतरावर. इलेक्ट्रॉनिक सिटी, हेब्बगोडी, बोम्मसंद्र, चंदापुरा, अत्तिबेले ही सगळी नावं याच तालुक्यातल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरची. जिगणीला ग्रॅनाइट कापून पॉलिश करणारे कारखाने आहेत, बोम्मसंद्र आणि अत्तिबेलेला औद्योगिक वसाहती आहेत, आणि सीमेपलीकडे होसूरला अशोक लेलँडचा ट्रकचा कारखाना १९८० पासून आहे. म्हणजे दगड इथला, त्याचं गिऱ्हाईक शेजारचं आणि तो वाहणारी गाडीही पंधरा-वीस किलोमीटरच्या आत बनणारी. अवजड वाहन रस्त्याचं आणि परिसराचं काय करतं हे समजून घ्यायला यापेक्षा नेमकी जागा शोधूनही मिळणार नाही.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. रस्ता गाड्यांच्या संख्येने मरत नाही, एकेका ॲक्सलवर किती वजन आहे त्याने मरतो. ते वजन ठरतं खाणीच्या दारात, गाडी भरली जात असताना. महामार्गावर पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

हे ज्ञान फार जुनं नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुद्दाम रस्ते बांधले गेले, ते मोडण्यासाठीच. सहा बंद वळसे, त्यांत वेगवेगळ्या जाडीचे डांबरी आणि काँक्रीटचे तुकडे, आणि प्रत्येक मार्गिकेवर ठरावीक वजनाचे ट्रक. १९५८ च्या शरदऋतूपासून १९६० च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत अमेरिकन लष्कराचे जवान ते ट्रक रात्रंदिवस फिरवत राहिले. त्यांतला एक वळसा तर वाहतुकीशिवाय नुसत्या हवामानाचा परिणाम पाहण्यासाठी मोकळा ठेवला होता. बाकीच्यांवर ११ लाख १४ हजार ॲक्सलफेऱ्या झाल्या. भेगा, चाकोऱ्या आणि खडबडीतपणा सतत मोजला गेला. त्या आकड्यांतून निघालेला नियम आजही जगभरच्या रस्ते अभियंत्यांच्या हाताशी असतो: ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. वजनाचा चौथा घात.

नियम तंतोतंत नाही. रस्त्याची रचना आणि त्याला होणारी इजा यांनुसार घातांक कमी-जास्त होतो. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेच्या २०१८ च्या आवृत्तीत डांबरी थराला भेगा पडण्यासाठी ताणाचा घातांक ३.८९ आहे आणि तळच्या मातीत चाकोरी पडण्यासाठी ४.५३. पण ढोबळ हिशेबाला चार पुरतो, आणि तो मांडला की रस्त्यांबद्दलच्या आपल्या पुष्कळ समजुती ढासळतात. माणसांसकट १.२ टन वजनाची छोटी मोटार घ्या. तिच्या प्रत्येक ॲक्सलवर ०.६ टन. ट्रकच्या मागच्या चार चाकी ॲक्सलवर १०.२ टन, म्हणजे सतरापट. सतराचा चौथा घात ८३ हजारांहून जास्त. चाकांची जोडी आणि टायरचा ठसा लक्षात घेऊन आकडा निम्म्यावर आणला तरी मोटारींनी रस्ता झिजतो हे म्हणणं उरत नाही. रोज सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या दिशेने जाणाऱ्या मोटारींच्या रांगा वैतागवाण्या असतील, हवेलाही वाईट असतील, पण डांबराखालचे थर त्यांची दखलही घेत नाहीत.

आता आनेकलच्या टिपरकडे येऊ. तीन ॲक्सलचा, दहा चाकांचा, ज्याला महाराष्ट्रात सरसकट हायवा म्हणतात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार चाकी ॲक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन, मागच्या जोड ॲक्सलला १९ ऐवजी २१ टन. तीन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेलं. मालवाहतूक स्वस्त व्हावी, एका फेरीत जास्त माल जावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण १०.२ चे ११.५ झाले की वजन पावणेतेरा टक्क्यांनी वाढतं आणि झीज वाढते साठ टक्क्यांहून जास्त. जे रस्ते जुन्या मर्यादेचा हिशेब करून बांधले गेले होते, त्यांचं आयुष्य त्या एका अधिसूचनेने कमी झालं. या किमतीची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही, ती व्हायला हवी होती.

आयआरसी ३७ मध्ये प्रत्येक गाडीच्या हानीचा हिशेब ८० किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे ८.१६ टनांच्या प्रमाण ॲक्सलमध्ये केला जातो. मर्यादेत भरलेला २८.५ टनांचा टिपर, पुढे साडेसात आणि मागे २१ टन वजन धरून, एका फेरीत साधारण पाच प्रमाण ॲक्सलइतकी झीज करतो. तोच टिपर ४० टनांपर्यंत भरला, पुढे ८ आणि मागे ३२, तर हा आकडा बावीसवर जातो. रिकामी गाडी साडेअकरा टनांची धरली, तर पहिल्या गाडीत १७ टन माल आहे, दुसरीत साडेअठ्ठावीस. माल पावणेदोनपटही नाही, आणि झीज चौपटीहून जास्त.

हे गणित महामार्गावर मांडलं तर फार घाबरायचं कारण दिसत नाही. राष्ट्रीय महामार्ग कोट्यवधी प्रमाण ॲक्सलसाठी आखलेले असतात, त्यांचे थर जाड असतात, निचरा बरा असतो, टोलनाक्यावर चालत्या गाडीचं वजन करणारी यंत्रं बसवता येतात. खरी हानी होते खाणीपासून महामार्गापर्यंतच्या गावरस्त्यावर. कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांची आखणी आयआरसीच्या वेगळ्या मार्गदर्शिकेनुसार होते आणि तिची वरची मर्यादा २० लाख प्रमाण ॲक्सल आहे. पुष्कळ रस्ते त्याहून खूप कमी भारासाठी बांधलेले असतात. बैलगाडी, ट्रॅक्टर, सकाळ-संध्याकाळची एसटीसारखी बस आणि दुधाचा टेम्पो इतकाच विचार त्यामागे असतो.

समजा असा एक रस्ता दहा वर्षांत १० लाख प्रमाण ॲक्सल सोसेल अशा बेताने बांधला. त्यावरून रोज ४० टनांचे साठ टिपर गेले, तर १० लाख पंचवीस महिन्यांत संपतात. तेवढाच दगड मर्यादेत भरलेल्या गाड्यांनी नेला तर रोज शंभर गाड्या लागतील आणि रस्ता साडेपाच वर्षं टिकेल. गावकऱ्याला दिसताना शंभर गाड्या साठांपेक्षा वाईट दिसतात. रस्त्याला मात्र त्या परवडतात. आणि हेही बघायला हवं, की पूर्ण कायदेशीर वाहतुकीतसुद्धा तो रस्ता दहा वर्षं गाठत नाही. खाणीला परवाना देताना तिच्या दारापासूनचा रस्ता त्या भाराच्या तोडीचा करणं ही परवान्याचीच अट असायला हवी. रस्ता मोडल्यावर तालुका पंचायतीने निधी शोधत बसायचं, ही पद्धत मुळातून चुकीची आहे.

रस्ता मोडतो म्हणजे नेमकं काय होतं? डांबरी रस्ता वरून एकसंध काळा दिसत असला तरी तो थरांचा बनलेला आहे. तळाशी दाबून घट्ट केलेली माती, तिच्यावर मुरूम आणि जाड खडीचा थर, मग बारीक-मोठ्या खडीचं दाबलेलं मिश्रण आणि सर्वांत वर डांबरमिश्रित खडी. चाक वरून जातं तेव्हा डांबरी थर किंचित खाली वाकतो आणि चाक पुढे गेलं की परत येतो. वाकताना त्याच्या तळाशी ताण पडतो. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. डांबरी थराची सूक्ष्म भेगही तशीच तळातून सुरू होते आणि वर येते. म्हणून रस्त्यावर पहिली भेग आपल्याला दिसते, तेव्हा आतलं काम बरंच आधी बिघडलेलं असतं. दुसरी इजा त्याहून खोल असते: वजन तळच्या मातीपर्यंत पोहोचून ती थोडी थोडी दबत जाते आणि चाकांच्या वाटेने चाकोरी तयार होते.

डांबराचा आणखी एक स्वभाव आहे. त्यावर भार क्षणभर असेल तर ते कडक वागतं, भार रेंगाळला तर ते मऊ पडतं. त्यामुळे वेगाने जाणारा भरलेला ट्रक जेवढी इजा करतो, त्याहून जास्त इजा तोच ट्रक सिग्नलला, चढावर किंवा वाहतूक कोंडीत मुंगीच्या पावलांनी सरकताना करतो. चंदापुऱ्याच्या किंवा अत्तिबेलेच्या चौकात चाकोऱ्या लवकर का पडतात, याचं उत्तर ठेकेदाराच्या प्रामाणिकपणाइतकंच या स्वभावातही आहे. शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून ती शहराच्या वेशीवर थांबून राहतात आणि वेळ झाली की एकदम निघतात. शहराची सोय होते. वेशीवरच्या गावांचे रस्ते उभ्या भाराखाली दबतात.

यात पाणी मिसळलं की पुढचा नाश झपाट्याने होतो. बंगळूर परिसराला दोन्ही मान्सूनांचा पाऊस मिळतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वांत ओले महिने, शिवाय एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी. भेगेतून पाणी आत शिरतं, मुरूम आणि माती नरम पडते. भरलेलं चाक वरून गेलं की ते पाणी दाबाने भेगेतून बाहेर उसळतं आणि येताना खालची बारीक माती घेऊन येतं. आत पोकळी होते, वरचं डांबर खचतं, खड्डा दिसू लागतो. आनेकलची लाल माती त्यातल्या त्यात बरी; पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीवर हेच चक्र आणखी लवकर पूर्ण होतं. ऊसहंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना साखर कारखान्याभोवतालच्या रस्त्यांची दशा सांगायला नको.

खड्डा बुजवायचा तर पुन्हा खडी लागते. सात मीटर रुंद आणि एकूण अर्धा मीटर जाडीचा एक किलोमीटर रस्ता नव्याने बांधायचा तर सुमारे ७,७०० टन दगड लागतो, म्हणजे मर्यादेत भरलेल्या टिपरच्या साडेचारशे फेऱ्या. जो रस्ता पंधरा वर्षं टिकायला हवा तो पाच वर्षांत मोडला, तर हा दगड तीनदा काढावा लागतो, तीनदा फोडावा लागतो, तीनदा वाहावा लागतो. डोंगर तेवढा अधिक पोखरला जातो. ओव्हरलोडचा पर्यावरणावरचा हा परिणाम मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो कुठल्याही प्रदूषणमापकावर दिसत नाही.

धूळ मात्र सगळ्यांना दिसते. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या ट्रकना बीएस ६ मानकं लागू झाली आणि धुराड्यातून निघणारी काजळी व नायट्रोजनची ऑक्साइडं खूप घटली. ही मोठी आणि खरी सुधारणा आहे. पण टायरखालून उठणाऱ्या धुळीला बीएस ६ काही करू शकत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पक्क्या रस्त्यावरच्या धुळीसाठी जे सूत्र दिलं आहे, त्यात धूळ दोन गोष्टींनी वाढते: रस्त्यावर पडलेल्या बारीक मातीच्या प्रमाणाने आणि गाडीच्या वजनाने. दोन्हींचे घातांक एकाच्या जवळपास आहेत, म्हणजे रस्त्यावरची माती निम्मी केली तर धूळ जवळजवळ निम्मी होते.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. वरच्याच उदाहरणात साठ जड फेऱ्यांऐवजी शंभर कायदेशीर फेऱ्या केल्या, तर परतीच्या रिकाम्या गाड्या धरून धूळ या सूत्रानुसार तीस टक्क्यांच्या आसपास वाढेल. डिझेलही जास्त जळेल. प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. रस्ता वाचवण्याचा उपाय रस्त्याकडेच्या घराला आपोआप वाचवत नाही. त्यासाठी वेगळं काम करावं लागतं: हौद्यावर ताडपत्री घट्ट बांधणं, काठोकाठ न भरणं, खाणीतून बाहेर पडताना चाकं धुणं, रस्ता झाडून काढणं. ओव्हरलोड गाडीतून खडी आणि कच सांडते, मोडलेला रस्ता स्वतःच माती सोडतो. भार आटोक्यात राहिला तर ही सगळी कामं सोपी होतात. आणखी एक मार्ग आहे तो जास्त ॲक्सलच्या गाड्यांचा. चार ॲक्सलच्या टिपरला ३५ टनांची मर्यादा आहे. तो दर टनामागे रस्त्याची झीज जवळपास तेवढीच करतो, पण फेऱ्या कमी करतो.

ही धूळ साधी नव्हे. नाइस आणि ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असतं, आणि फुटलेल्या क्वार्ट्झची श्वासावाटे आत जाणारी भुकटी म्हणजे सिलिका. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि १९९७ पासून तिची नोंद कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. सर्वाधिक धोका क्रशरवर काम करणाऱ्यांना. पण ज्या वाटेने खाणीची धूळ सांडत जाते, तिथे राहणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं हे गोव्याने पाहिलं आहे. सत्तरी तालुक्यातल्या सोनशी गावातून खनिजाचे ट्रक एकामागून एक जात. २०१७ च्या एप्रिलमध्ये गावकऱ्यांनी ते अडवले, त्यात बायका होत्या, आणि त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या गावाची स्वतःहून दखल घेतली. मागणी काय होती, तर श्वास घेता येईल अशी हवा, पिण्याचं पाणी आणि रोजगार.

आनेकलच्या पश्चिमेला बन्नेरघट्टाचं राष्ट्रीय उद्यान आहे, हत्तींचं जंगल. त्याच्याभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आधीच्या मसुद्यात २६८.९६ चौरस किलोमीटर होतं. मार्च २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते १६८.८४ वर आलं. शंभर चौरस किलोमीटर वगळले गेले ते अशा परिसरात, जिथे दगड आहे आणि जमिनीला भाव आहे. आता बंगळूरबाहेरून जड वाहतूक वळवणारा उपनगरी वर्तुळमार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९४८ए, याच तालुक्यातून जाणार आहे. शहराला त्याची गरज आहे हे मान्य. पण रात्रभर ट्रक वाहणारा रस्ता हत्तींच्या वाटेत आला, तर त्याची भरपाई कुठल्याही घातांकात मांडता येणार नाही.

कायदा या सगळ्यासमोर हतबल आहे असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात जादा भारावर बंदी आहे आणि अधिकाऱ्याला गाडी काट्यावर नेण्याचा हक्क आहे. काही राज्यं ठरावीक रक्कम घेऊन जादा भार चालू देत होती; परमजित भसीन खटल्यात ९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाता कामा नये असं बजावलं. सप्टेंबर २०१९ पासून दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. कर्नाटकात बळ्ळारीच्या लोहखनिजाबद्दल लोकायुक्त संतोष हेगडे यांनी जे अहवाल दिले, त्यांतही ट्रकवरच्या जादा भाराचा प्रश्न होता. माहिती नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही.

तरीही गाड्या भरल्या जातात, कारण मालकाला भाडं टनाने किंवा फेरीने मिळतं आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला असतो. चालकाला विचारायची पद्धतच नाही. लोडर हौदा भरतो, तो गाडी काढतो, आणि ब्रेक लागला नाही तर मरणारा पहिला माणूस तोच असतो. रस्त्यावर दंड झाला तर पावती त्याच्या हातात पडते, भरणाऱ्याच्या नाही. म्हणून मी म्हणतो की काटा खाणीच्या दारात हवा, आणि खनिज वाहतुकीचा परवाना त्या काट्याच्या आकड्यावरच छापला जायला हवा. कर्नाटकात खनिज नेण्यासाठी परवाना लागतोच, त्यावर टन लिहिलेले असतात आणि स्वामित्वधनही टनाने आकारलं जातं. काट्याचा आकडा थेट परवान्यावर उतरला, तर जादा भार आणि बुडालेलं स्वामित्वधन एकाच ठिकाणी पकडलं जाईल. वजन जास्त भरलं तर गाडी तिथेच हलकी करता येते, कारण दगड टाकायला जागा तिथेच आहे. महामार्गाच्या कडेला अकरा टन खडी उतरवून घ्यायला कोण येणार?

दुसरं टोक ग्राहकाच्या हातात आहे. घर बांधणारा आपल्याकडे खडी आणि क्रश सँड ब्रासने घेतो, दक्षिणेत घनफुटाने किंवा लोडने. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडी खडी घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते, म्हणून चार ब्रासला १७ टन होतात आणि तीन ॲक्सलची गाडी मर्यादेत राहते. सहा ब्रास ओली एम-सँड घेतली तर तीच गाडी ४० टनांवर जाते, आणि त्यातलं पाण्याचं वजन हौद्याकडे पाहून कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ढिगाची उंची पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखीच दिसते. मोठे बांधकाम व्यावसायिक आणि तयार काँक्रीटचे कारखाने आताही माल काट्यावर मोजून टनाने घेतात. घरबांधणीतला किरकोळ व्यवहारही टनावर आला, तर पावसात भिजलेल्या वाळूचं जादा वजन बिलावर दिसेल, आणि पाण्याचे पैसे द्यायला नको म्हणून ती पावती ग्राहक स्वतःच तपासेल.